गीझरचं पाणी घडीत कढत, घडीत गार: आधी पाण्याची धार बघा

संपादक साहेब, नमस्कार.

थंडी सुरू झाली की तुमच्या पेपरात रोज आकडे येतात, धुळ्याचा पारा इतका उतरला, जळगावचा तितका, तोरणमाळला गारठा वाढला, आणि त्याच सकाळपासून आमच्यासारख्या नळफिटिंग करणाऱ्या लोकांचे फोन वाजायला लागतात. मी चोपडा तालुक्यात नळफिटिंगचं आणि सोबत गॅस गीझर दुरुस्तीचं काम करतो. या दिवसात तक्रार बहुतेक एकच असते. गीझर बंद पडलाय असं फार कमी लोक म्हणतात, गीझर चालूच असतो पण पाणी एकसारखं येत नाही, एक मग कढत आणि पुढचा मग गार. जुनी माणसं आपल्या अहिराणीत सांगतात, "घडीमा गरम, घडीमा थंडं पानी येस भाऊ." यावर जरा सविस्तर लिहितोय कारण या एका तक्रारीपायी लोक चांगले चालणारे गीझर भंगारात काढतायत, आणि त्याहून वाईट म्हणजे काही घरांत "बाहेर वारा लागतो म्हणून पाणी गार होतं" असं धरून गीझर उचलून बाथरूमच्या आत लावून घेतायत. तेवढं तरी थांबलं पाहिजे.

आधी हे यंत्र काम कसं करतं ते सांगतो, म्हणजे पुढचं सगळं आपोआप लक्षात येईल. आपल्याकडे पूर्वी तांब्याचा बंब असायचा, त्यात पाणी साठलेलं असायचं आणि ते हळूहळू तापायचं, त्यामुळे पहिली बादली आणि दुसरी बादली यात फार फरक नसायचा. गॅस गीझरमध्ये पाणी साठत नाही. नळ उघडला की पाणी आत शिरतं, त्याच्या दाबाने आतला रबरी पडदा म्हणजे डायफ्राम सरकतो, तो एक पिन ढकलतो, पिनेने छोटं स्विच दाबलं जातं, मग सेलवर ठिणगी पडते, गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो आणि बर्नर पेटतो. बर्नरच्या वर तांब्याची कॉइल असते, तिच्यातून पाणी वाहता वाहता तापून बाहेर येतं. म्हणजे पाणी आत असतं काही सेकंद, आणि तेवढ्यात जितकी आच लागेल तितकंच ते तापतं.

आता मुद्दा असा की गॅसचा नॉब तुम्ही एका जागी ठेवला तर बर्नर साधारण ठरलेलीच उष्णता देतो, पाणी कमी वाहतंय की जास्त हे त्या बर्नरला कळत नाही. बाजारात जो ६ लिटरचा गीझर मिळतो त्याचा अर्थ मिनिटाला ६ लिटर पाणी तो २५ अंशांनी तापवतो. आता पहाटे गच्चीवरच्या टाकीतलं पाणी १५ अंशांवर असलं तर ६ लिटरच्या धारेला ४० अंश होतात, अंघोळीला छान. धार ४ लिटरवर आली तर तेच पाणी ५२ च्या पुढे जातं. ३ लिटरवर आली तर ६५ अंश, म्हणजे अंगावर घेतलं तर भाजणारच. आणि त्याखाली धार गेली की डायफ्रामला पुरेसा रेटा मिळत नाही, बर्नर विझतो आणि टाकीतलं गार पाणी जसंच्या तसं अंगावर येतं. पुन्हा धार वाढली की पुन्हा भडका. लोक म्हणतात गीझर लहरी आहे. गीझर लहरी नाहीये हो, पाण्याची धार लहरी आहे. म्हणून माझं सगळ्यांना एकच सांगणं असतं, तापमानाची तक्रार असली की पहिल्यांदा पाणी मोजा, गीझर मागून उघडा.

मोजायचं कसं, अगदी सोपं आहे. गॅस बंद करा, घरातली पंधरा लिटरची बादली घ्या, गीझरच्या गरम नळाखाली ठेवा, नळ पूर्ण सोडा आणि मोबाईलवर वेळ लावा. अडीच मिनिटांत भरली तर मिनिटाला ६ लिटर आहे, गीझरला काही म्हणायचं कारण नाही. पाच मिनिटं लागली तर ३ लिटरच आहे. मग तीच बादली त्याच बाथरूममधल्या गार नळाखाली लावा. गार नळाला धार चांगली आणि गरम नळाला बारीक, तर अडथळा गीझरमध्ये किंवा त्याच्या आतबाहेरच्या पाईपात आहे. दोन्हीकडे बारीक, तर गीझरला हात लावू नका, टाकी आणि वरून येणारा पाईप बघा. एवढ्या एका परीक्षेवर बऱ्याच घरातला प्रश्न अर्धा सुटतो आणि मेकॅनिकच्या फेरीचे पैसेही वाचतात, मी स्वतः हेच काम करून पोट भरतो तरी हे सांगतोय.

आता आपल्या खान्देशातलं पाणी. इथे पाण्याच्या दोन भानगडी आहेत, एक म्हणजे ते रोज येत नाही आणि दुसरी म्हणजे बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर.

पहिली घ्या. कितीतरी गावांत नळाला चार दिवसांआड, कुठे आठ दिवसांआड पाणी येतं. लोक गच्चीवर टाकी भरून ठेवतात आणि पुढचं पाणी येईपर्यंत पुरवतात. त्यात नवीन बांधकामात बाथरूम वरच्या मजल्यावर आणि टाकी बरोबर त्याच्या डोक्यावर, स्लॅबवर नुसती विटांचा थर देऊन ठेवलेली. समजा टाकीचा तळ नळापासून फक्त चार फूट वर आहे आणि टाकी स्वतः चार फूट उंच आहे. भरलेली असताना आठ फुटांचा दाब, तळाला आली की चारच फुटांचा, म्हणजे दाब निम्मा झाला. धार अगदी निम्मी होत नाही पण ५ लिटरची साडेतीनवर येते, आणि मग नॉबला हातही न लावता ४५ अंशांचं पाणी ५८ वर जातं. म्हणून काही घरात एक ताई सांगतात की नळाला पाणी आलं त्या दिवशी गीझर कोमट पाणी देतो आणि तीन दिवसांनी चटका देतो, आणि घरातले त्यांचं ऐकून हसतात. त्या अगदी बरोबर सांगत असतात. गीझरच्या खोक्यावर किंवा सोबतच्या कागदावर किमान किती दाब लागतो ते लिहिलेलं असतं, तो आकडा बार मध्ये असतो, तर हिशोब असा धरा की पाण्याची १० फूट उंची म्हणजे साधारण ०.३ बार. टाकीखाली लोखंडी स्टँड करून ती पाच-सहा फूट उचलली तर गीझर न बदलता काम होतं. स्टँड मात्र मजबूत हवा, हजार लिटरची टाकी म्हणजे एक टन वजन आहे ते, वेल्डिंगवाल्याला नीट सांगून करून घ्या.

आणखी एक, टाकी पूर्ण रिकामी होऊन पुन्हा भरली की पाईपात हवा अडकते. मग गीझर चालू केला की धार फुरफुर करत येते, बर्नर पेटतो विझतो, पेटतो विझतो. त्या वेळी आधी घरातले सगळे नळ दोन मिनिटं सोडून हवा काढून टाका, मगच गीझर पेटवा. काही लोक यावर उपाय म्हणून प्रेशर पंप बसवतात. पंप चांगला असला तर फरक पडतो, पण हलका पंप असला की तो सारखा चालू-बंद होतो आणि त्याच्याबरोबर पाण्याची धार आणि तापमानही वरखाली होतं, शिवाय सकाळी लाईट गेली की पंपही गेला. माझ्या मते टाकी उंच करणं हाच टिकाऊ मार्ग.

दुसरी भानगड क्षारांची. आपल्याकडच्या केळीवाल्या शेतकऱ्यांना हे वेगळं सांगायला नको, ठिबकच्या नळ्या बोअरच्या पाण्याने कशा चोक होतात आणि मग अ‍ॅसिड सोडून त्या कशा मोकळ्या कराव्या लागतात हे त्यांना पाठ आहे. गीझरमध्ये तर ते पाणी शिवाय तापतं, आणि तापलं की पाण्यात विरघळलेले कॅल्शियमचे क्षार बाहेर पडून पांढरा चुन्यासारखा थर धरतात. हा थर कॉइलच्या आतून बसतो. त्याने दोन गोष्टी होतात, एकतर पाण्याची वाट अरुंद होऊन धार कमी होते आणि दुसरं म्हणजे तांब्यातून पाण्याला आच नीट लागत नाही, गॅस जळतो पण पाणी पाहिजे तसं तापत नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणा, म्हणजे अशा क्षारांचं प्रमाण, लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चालतो, दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. तुमच्या बोअरचं पाणी एकदा तपासून घ्या, आकडा मोठा आला तर गीझरची कॉइल दरवर्षी साफ करावीच लागणार हे धरून चाला. तपासायचं नसेल तर चहाच्या पातेल्याला, नळाच्या तोंडाला, शॉवरच्या भोकांना पांढरं किती धरतं ते बघा, तेच आत कॉइलमध्ये पण होतंय.

कॉइल साफ करायला लोक काय काय वापरतात ते बघून जीव घाबरतो. शेतात ठिबकसाठी आणलेलं अ‍ॅसिड, संडास धुवायचं अ‍ॅसिड, सर्रास ओततात. तांब्याची कॉइल पातळ असते, झाळलेले सांधे असतात, त्या अ‍ॅसिडने थर निघतो पण कॉइललाही भोक पडायला वेळ लागत नाही, आणि त्याची वाफ छातीत गेली तर वेगळाच ताप. किराणा दुकानात लिंबूसत्व मिळतं, म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिड. एक लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम टाकायचं, गॅस बंद, सेल काढलेले, पाण्याचे दोन्ही पाईप सोडलेले, आणि ते पाणी कॉइलमध्ये भरून अर्धा-पाऊण तास ठेवायचं, मग स्वच्छ पाण्याने भरपूर धुवायचं. थर जाड असला तर पुन्हा एकदा. पाईप जोडताना वायसर नवीन टाका, जुने फुगलेले वायसर सुद्धा धार अडवतात. आणि गॅसचा जोड उघडावा लागणार असेल तर तो माहितगार माणसाकडूनच उघडा, लावून झाल्यावर साबणाच्या फेसाने तपासा, काडी पेटवून तर कधीच नाही.

कॉइलच्या आधीही एक जागा आहे जिकडे कोणी बघत नाही. गीझरमध्ये पाणी शिरतं तिथे बारीक जाळी असते. टाकीतला गाळ, पाईपातली वाळू, टेफ्लॉन टेपचे तुकडे, सगळं त्या जाळीत येऊन बसतं, खास करून पावसाळ्यानंतर जेव्हा नळाला गढूळ पाणी येऊन गेलेलं असतं. पान्याने इनलेटचा नट सोडला की जाळी हाताला येते, जुन्या दात घासायच्या ब्रशने धुतली की झालं. हे काम दिवाळीच्या साफसफाईत धरून टाका. टाकीही तेव्हाच धुवा. शॉवर असला तर त्याचं तोंड काढून रात्रभर लिंबूसत्वाच्या पाण्यात टाकून ठेवा.

आता वापरण्याच्या पद्धतीबद्दल, कारण कितीतरी ठिकाणी यंत्रात काहीच दोष नसतो. पाणी फार कढत यायला लागलं की लोक मिक्सरचा गार नळ उघडतात. हे वरवर बरोबर वाटतं पण आपल्याकडच्या कमी दाबाला ते चालत नाही. गार पाणी मिक्सरमध्ये जोरात शिरलं की गरम बाजूची धार मागे रेटली जाते, गीझरमधून पाणी आणखी कमी वाहतं, ते आणखी कढत होतं, तुम्ही आणखी गार सोडता, आणि मग एकदम बर्नर विझतो. मग अंगावर नुसतं गार. घाबरून गार नळ बंद केला की पुन्हा भडका होऊन कढत. हा फेरा चालूच राहतो आणि माणूस म्हणतो गीझर बिघडला. त्यापेक्षा पाण्याचा नळ पूर्ण सोडा आणि गॅसचा नॉब कमी-जास्त करून तापमान जमवा. पाणी कढत वाटतंय तर गॅस कमी. गॅस पूर्ण असूनही पाणी कोमट येतंय तर पाण्याचा नॉब थोडा आवळा, नळ आणखी सोडू नका, त्याने ते अजून गार होईल. उन्हाळा-हिवाळ्याचा वेगळा नॉब असला तर मोसम बदलला की तोही फिरवा, आपल्याकडे मे महिन्यात टाकीतलं पाणीच हात पोळेल असं असतं. आणि सगळ्यात सोयीचं म्हणजे बादली. गरम पाणी बादलीत घ्या, गार वेगळ्या नळाने त्यात मिसळा, हाताने बघा, मग अंघोळ करा. कमी दाबाच्या घरात शॉवरचा हट्ट कशाला.

एकाच्या अंघोळीनंतर दुसरा लगेच जातो तेव्हाही जपा. नळ बंद केला की कॉइलमध्ये अडकलेलं पाणी तिथल्या उष्णतेने आणखी तापत राहतं, म्हणून नळ पुन्हा उघडल्यावर पहिली धार एकदम कढत येते, मग बर्नर पेटेपर्यंतचं थोडं गार पाणी, आणि मग नेहमीचं. पहिली धार लहान पोरांच्या अंगावर कधी सोडू नका, बादलीत जाऊ द्या. एकजण अंघोळीला असताना स्वयंपाकघरात कोणी भांडी घासायला नळ सोडला किंवा कोणी फ्लश ओढला तरी धार तुटते, तेव्हा गीझरला टाकीपासून वेगळा पाईप काढून घेतलेला असला तर उत्तम, घर बांधत असाल तर हे आत्ताच सांगून ठेवा, नंतर टाईल्स फोडाव्या लागतात.

धार ठीक असून तरी त्रास होत असेल तर मग सेल बघा. दोन मोठे दीड व्होल्टचे सेल असतात. ते उतरले की टिकटिक आवाज येतो पण पेट घेत नाही, किंवा पेटतो आणि मधेच विझतो, कारण गॅसचा व्हॉल्व्ह उघडा धरून ठेवायला पण त्यांचीच ताकद लागते. दोन्ही एकदम बदला, एक जुना एक नवा करू नका. उन्हाळ्यात गीझर वापरत नसाल तर सेल काढून ठेवा, फुटले की आतले पत्रे गंजतात. काही गीझर वीस मिनिटांनी आपोआप बंद होतात, ती सोय सुरक्षेसाठी केलेली असते, नळ बंद करून पुन्हा सोडला की चालू होतो, त्याला बिघाड समजू नका. डायफ्रामचं रबर बोअरच्या पाण्याने कडक होतं किंवा त्याला चीर पडते, मग धार चांगली असूनही गीझर उशिरा पेटतो. तो बदलायला फार खर्च नाही, त्यासाठी अख्खा गीझर बदलायला सांगणाऱ्याला आधी जुना डायफ्राम काढून दाखवायला सांगा.

गॅसचं पण तसंच आहे. ६ लिटरचा गीझर पूर्ण आचेवर तासाला साधारण एक किलो गॅस जाळतो, शेगडीच्या मोठ्या बर्नरच्या चार-पाच पट. एकाच सिलेंडरवर तिकडे भाकरी चाललेल्या आणि इकडे गीझर, असं असलं की दोघांना गॅस पुरत नाही आणि पाणी मधेच कोमट होतं. थंडीत अजून एक गोष्ट होते, सिलेंडरमधल्या पातळ गॅसची वाफ व्हायला उष्णता लागते, पहाटेच्या गारठ्यात ती मिळत नाही, त्यात सिलेंडर संपत आलेला असला की दाब आणखी पडतो. अशा वेळी काही जण सिलेंडर गरम पाण्याच्या टपात ठेवतात, आडवा करतात, हलवतात. हे करू नका हो, आडवा केला की वाफेऐवजी पातळ गॅसच रेग्युलेटरकडे येऊ शकतो. सिलेंडर उभाच पाहिजे, मोकळ्या हवेत पाहिजे. गीझरला वेगळा सिलेंडर असावा, रबरी पाईप आखूड आणि आयएसआय मार्कचा असावा, आणि सुरक्षा होज असला तरी पाच वर्षांनी बदलावा. वीस फूट हिरवा पाईप भिंतीवरून फिरवून आणलेला मी बघितलाय, त्यात दाबही पडतो आणि उंदराने कुरतडला तर काय होईल याचा विचारच नको.

आता ज्यासाठी खरं हे पत्र लिहायला घेतलं ते. बर्नरची ज्योत निळी पाहिजे. पिवळी, लांबुडकी, लवलवती ज्योत दिसली, गीझरच्या वरच्या पत्र्यावर काजळी दिसली, तर गॅस नीट जळत नाहीये. बर्नरमध्ये धूळ जाते, उन्हाळाभर बंद राहिलेल्या गीझरच्या नळीत कोळी जाळं करतो, हवा आत जायची वाट बंद होते. तेव्हाही पाणी कमीच तापतं, म्हणून लोक याला पण तापमानाचीच तक्रार समजतात आणि गॅसचा नॉब वाढवतात. पण अर्धवट जळलेल्या गॅसमधून कार्बन मोनॉक्साईड तयार होतो. गळणाऱ्या गॅसला मुद्दाम वास घातलेला असतो, तो नाकाला कळतो. याला वास नाही, रंग नाही, डोळ्याला झोंबत नाही. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटीहून जास्त घट्ट चिकटतो, मग रक्त ऑक्सिजन वाहूच शकत नाही. डोकं जड होतं, मळमळतं, पाय लुळे पडतात, आणि माणसाला वाटतं अंघोळीने चक्कर आली. तो दाराची कडी काढायला उठू शकत नाही.

एक साधा हिशोब करून दाखवतो. एक किलो गॅस पूर्ण जळायला साधारण १२ घनमीटर हवा लागते. दहा मिनिटांच्या अंघोळीत गीझर दीडशे ग्रॅमच्या वर गॅस जाळतो, म्हणजे दोन घनमीटरच्या जवळपास हवा. आपल्याकडचं बाथरूम सहा बाय चार फुटांचं, उंची आठ फूट, त्यात सगळी मिळून साडेपाच घनमीटरही हवा नसते. दार बंद, थंडी म्हणून खिडकीच्या जाळीला पुठ्ठा लावलेला, आणि आत गीझर. दहा मिनिटांत एक तृतीयांशाहून जास्त हवा बर्नरने वापरून टाकली. जसजसा ऑक्सिजन कमी होतो तसतसा तो बर्नर आणखी घाण जळतो. नंतर त्याच बाथरूममध्ये दुसरा माणूस जातो, मग तिसरा.

म्हणून गॅस गीझर बाहेर पाहिजे. व्हरांड्यात, गॅलरीत, मागच्या मोकळ्या चौकात, आणि आत फक्त गरम पाण्याचा पाईप. वाऱ्याने ज्योत फडफडते आणि पाणी वरखाली होतं हे खरं आहे, त्याला उपाय म्हणजे वाऱ्याच्या बाजूला पत्र्याचा आडोसा करा, वर-खाली आणि समोरून मोकळा ठेवा, चारी बाजूंनी पेटी करून बंद करू नका. बाहेरून आत येणारा पाईप लांब असेल तर त्यावर फोमचं आवरण चढवा, स्वस्तात मिळतं. पाणी दोन अंशांनी गार आलं तरी चालेल. एक्झॉस्ट फॅन लावलाय म्हणून गीझर आत चालेल असं सांगणारेही भेटतात, पण दार-खिडकी बंद असताना फॅनला बाहेरून हवा मिळत नाही, लाईट गेली की तो फॅनही नाही. खिडकी उघडी ठेवू असं सगळे म्हणतात, आणि डिसेंबरच्या पहाटे कोणीच ठेवत नाही.

अंघोळ करताना कोणाला गरगरलं, आतून आवाज द्यायचा बंद झाला, तर विचार करत बसू नका, दार तोडा, आधी माणसाला मोकळ्या हवेत आणा, सिलेंडर बंद करा आणि १०८ ला फोन लावा. गॅस गळतीचा वास आला तर १९०६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, तो घरातल्या पोरांनाही पाठ करून द्या.

दुकानदार मंडळींनाही तुमच्या पेपरातून एक विनंती. गीझर विकताना गिऱ्हाईकाला विचारा की टाकी नळापासून किती फूट वर आहे, पाणी बोअरचं आहे की नळाचं आणि गीझर कुठे लावणार. टाकी डोक्याला लागूनच असेल तर सांगा की आधी ती उचला. बोअरचं पाणी असेल तर कॉइल दरवर्षी साफ करावी लागेल हे सांगा. बाथरूममध्ये लावणार म्हणाला तर विकू नका, विजेचा गीझर दाखवा, नाहीतर सोलर सुचवा, आपल्याकडे उन्हाची कमी थोडीच आहे. आणि आयएसआय मार्क नसलेला स्वस्तातला माल ठेवूच नका. गॅस एजन्सीवाल्यांनी सिलेंडर पोचवणाऱ्या पोरांना एवढं जरी सांगितलं की घरात गीझर कुठे लावलाय ते बघून या, आत असेल तर दोन शब्द सांगून या, तरी फार मोठं काम होईल, कारण घराघरात जाणारा माणूस तोच आहे.

पत्र लांबलंय हे मला दिसतंय, तुमच्याकडे जागा किती असते ते तुम्हालाच माहीत. कापायचं झालं तर टाकीचं, सेलचं, लिंबूसत्वाचं सगळं कापा, ज्योतीचा आणि बाथरूमच्या हवेचा भाग मात्र पूर्ण छापा, आणि शक्य झालं तर दरवर्षी दिवाळी झाली की पुन्हा छापा.

आपला वाचक,
एक नळफिटिंगवाला,
ता. चोपडा, जि. जळगाव